चुंबकाची उलटी जोडलेली टोकं

मावशींचं दुकान म्हणजे जेमतेम दहा बाय आठची खोली, आणि आत सदा वार्निशचा वास. पंप, मिक्सर, पंखे, ज्याची वाइंडिंग जळली ते मावशींकडे यायचं. हे काम त्या वडिलांच्या शेजारी बसून शिकल्या होत्या. तारेचे वेढे मोजताना कुणी बोलायला लागलं तर त्या नुसता हात वर करायच्या. गिऱ्हाईक गुमान गप्प बसायचं.

एकदा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या विद्युतचुंबकाची कॉइल जळली. तिथल्या संशोधक बाईंनी मावशींना बोलावलं आणि मावशींनी चार दिवसांत कॉइल नवी करून जोडून दिली.

तीन आठवड्यांनी बाईंनी चुंबकाचा कुरकुरणारा पंखा बघायला त्यांना परत बोलावलं. मावशी गेल्या, तर बाई डोक्याला हात लावून बसलेल्या. काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. काही रेणू आपल्या दोन हातांसारखे असतात, डावा आणि उजवा, एकमेकांचं आरशातलं रूप. त्यांचा पातळ थर निकेलच्या पट्टीवर बसवून ती द्रावणात बुडवायची आणि वीज किती वाहते ते मोजायचं. इलेक्ट्रॉन दोन प्रकारच्या स्पिनचे असतात, म्हणजे जणू दोन उलट दिशांना गिरक्या घेणारे. उजव्या रेणूतून एक प्रकार सहज पार होतो, दुसरा अडखळतो. डाव्यातून बरोबर उलट. कोणता प्रकार जास्त पुढे यायचा, हे पट्टीखालचं चुंबक ठरवतं.

"पूर्वी उजव्या रेणूंतून वीज जास्त वाहायची. आता डाव्यांतून वाहते," बाई म्हणाल्या. बाटल्या बदलल्या असतील म्हणून त्यांनी रेणू दोनदा तपासून घेतले होते.

मावशींनी पिशवीतलं होकायंत्र काढून चुंबकाच्या वरच्या तोंडाशी धरलं. सुईचं उत्तरेचं टोक झटकन तिकडे वळलं. म्हणजे वर दक्षिण ध्रुव होता. पूर्वी तिथे उत्तर असायचा. गुपचूप टोकं बदलली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"बाई, चूक माझी आहे," मावशी म्हणाल्या. "मी टोकं उलटी जोडली."

बाई हसायला लागल्या. चुंबक उलटं केलं की निकालही उलटायला हवा, हेच तर त्यांना दाखवायचं होतं, आणि चुंबक उलटं झालंय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तेव्हा हवं तसं उत्तर त्यांनी ओढूनताणून आणलं, असं आता कुणी म्हणू शकणार नव्हतं.

"मावशी, माझं काम तुम्ही बुडवलं नाहीत, पक्कं केलंत."

मावशींना ते अर्धंच पटलं. त्यांनी तारांच्या टोकांना लाल आणि काळी खूण केली, आणि हवी तेव्हा दिशा उलटवता येईल असं एक बटणही बसवून दिलं. घरी हे ऐकून टपालखात्यातला नवरा म्हणाला, "माझ्या चुकीनं नुसती पत्रं परत येतात."

पुढच्या महिन्यात बाईंनी डावे-उजवे रेणू समसमान मिसळून पाहिले. चुंबक कसंही फिरवलं तरी वीज तेवढीच, कारण डाव्या-उजव्यांचा परिणाम एकमेकांना खोडत होता. त्या मोजणीचा आलेख आता मावशींच्या दुकानात चिकटवलेला आहे. परवा एका गिऱ्हाइकानं हे काय म्हणून विचारलं. मावशींनी हातातली तार बाजूला ठेवली आणि दोन्ही तळवे पुढे धरून त्याला सगळं पहिल्यापासून समजावलं. त्यानं मन लावून ऐकून घेतलं आणि मग विचारलं, मिक्सर मंगळवारपर्यंत मिळेल का?