पालथे चिकटवलेले भुंगेरे

यशवंत गेल्याची तार शाळेत आली, तेव्हा मी मुलींना काजं करायला शिकवत होते. तास संपवला आणि नगरहून अकोल्याची मोटार धरली. माझा हा धाकटा भाऊ तिकडच्या एका खेड्यात मास्तर होता. ब्रह्मदेशातून आणलेल्या हिवतापाने शेवटी त्याला नेलं. त्याला आता दीड महिना झाला.

लढाईत तो जखमींची शुश्रूषा करणाऱ्या तुकडीत होता. गावातलाच सखाराम त्याच्या सोबत होता. सखाराम ब्रह्मदेशातल्या रानातच वारला. त्याला पुरलं त्या जागेवरून यशवंतने एक हिरवा, चकाकणारा भुंगेरा उचलून आणला. परतल्यावर इथल्या रानात तसाच एक शोधला आणि दोन्ही डबीत घालून सखारामच्या आईला दाखवायला निघाला. मी सुट्टीत आले होते, मीही गेले.

"त्ये रान कसं हाय, मास्तर?" म्हातारीने विचारलं.

"आपल्यासारखंच, मावशी. किडासुद्धा हाच."

"मंग त्याला परकं न्हाई वाटायचं."

मी तोवर दोन्ही भुंगेरे उलटे करून पाहिले होते. "हाच कुठला? तिकडच्याचं पोट तांबूस आहे, पाय लाल. इथल्याचं सगळं निळं..."

"ताईला दोरे पारखायची खोड," यशवंत म्हणाला. "देवदूत भेटला तरी आधी त्याच्या झग्याची शिवण तपासेल." म्हातारी हसली, पण डबीवरची तिची नजर हलली नाही.

परतताना वाटेत मी त्याला फटकारलं. मुलांना किड्यांचे पाय मोजायला शिकवणारा मास्तर, आणि... तो एवढंच म्हणाला, "ताई, तिला पोराची माती बघायला जाता येणार आहे का?" घरी येऊन त्याने दोन्ही भुंगेरे पुठ्ठ्यावर डिंकाने पालथे चिकटवले आणि पुठ्ठा डबीत बसवला. पुढे बाजाराच्या दिवशी म्हातारी येऊन ते बघून जाई.

त्याचं सामान मी आवरत होते, तेव्हाही ती आली. "मास्तर न्हाईत, पर किडं हायती न्हवं?" डबी मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "बाई, त्या दिशी तुमी कायतरी बोलला हुता. आता तुमीच सांगा. एकच जात ना?"

"एकच," मी म्हणाले.

डबी तिने ठेवून घेतली नाही. घरात उंदरं लई, म्हणाली. म्हणून ती नगरला माझ्या शिवणाच्या पेटीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला दाखवायला न्यायची आहे. परवा उघडली, तर तिकडच्या भुंगेऱ्याचा डिंक सुटून तो कुशीवर पडला होता... तांबूस पोट स्वच्छ दिसत होतं. मी डिंक कालवला आणि त्याला पुन्हा पालथा चिकटवला.