वाऱ्याच्या उजव्या हाताला

बंदरावरच्या शोधकक्षात ती बसते. सगळे तिला तोंडावरच भिंगरी म्हणतात, कारण येईल त्याला ती फिरत्या खुर्चीवर समुद्र समजावते. खुर्चीवर ताट, ताटात पिठाचा थर, खुर्चीला गिरकी आणि वर गोटी. गोटी सरळ सोडली तरी पिठात तिची वाट वाकडी उमटते.

"वारा पाण्याला ढकलतो," ती सांगते. "ऊन वरचं पाणी तापवतं, थंड खारट पाणी जड होऊन तळाशी जातं. पण पृथ्वी फिरते ना, म्हणून चालतं पाणी सरळ जातच नाही. आपल्याकडे ते उजवीकडे वळतं."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा ताटासकट तिला खिडकीबाहेर फेकावं असं मला वाटलं होतं. आमचे हे समुद्रात होते. होडीचं इंजिन बंद पडलं, एवढं वायरलेसवर सांगितलं आणि पुढे आवाजच नाही. विमान वाऱ्याच्या दिशेने जाऊन सगळं पाणी धुंडाळून हात हलवत परत आलं होतं. अंधारापूर्वी आता एकच फेरी होणार होती. आणि ही बाई मला गोट्या खेळून दाखवते!

"ताई, इंजिन बंद पडलं की तुमचे मिस्टर पहिलं काय करतात?"

"शिव्या देतात."

"आणि मग?"

"मग कापडी नांगर टाकतात. मीच शिवलाय, नरसाळ्यासारखा. पाण्याखाली फुगून बसतो आणि होडीला धरून ठेवतो. हे त्याला राक्षसाचा पायजमा म्हणतात."

"नक्की टाकतील?"

"एक वेळ जेवायला विसरतील, पण तो विसरणार नाहीत."

ती ताडकन उठली. "अहो, मग होडी वाऱ्याच्या नाही, पाण्याच्या ताब्यात आहे! आणि वारा कालपासून एकाच बाजूने वाहतोय, म्हणजे पाणी त्याच्या उजवीकडे वळलेलं असणार." नकाशावर तिची पेन्सिल वाऱ्याच्या रेषेपासून उजवीकडे सरकली आणि मध्येच थांबली. "मी चुकले तर ते भलतीकडेच राहतील," ती हळूच म्हणाली.

मी तिचा दुसरा हात घट्ट धरला. "चुकलात तर जन्मभर भांडेन. पण आता थांबू नका."

तिने रेघ पुरी केली आणि विमानाला जागा कळवली.

वाट बघताना माझं मन गुंतावं म्हणून ती बोलत राहिली. वडील कुंभार होते. लहानपणी त्यांच्या फिरत्या चाकावर शाई ओतून तिने बेदम मार खाल्ला होता, तेव्हापासूनचं हे खूळ. मी नुसतं हं हं करत होते, कान मात्र वायरलेसकडे.

"होडी दिसली," आवाज आला. "माणूस उभा आहे. हात हलवतोय."

मी भोकाड पसरलं. लाज कसली! त्या बाईचे उपकार सात जन्मांतही फिटायचे नाहीत.

बचावाची लाँच यांना घेऊन धक्क्याला लागली तेव्हाही मी तिचा हात सोडलेला नव्हता, त्यामुळे तिलाही माझ्याबरोबर यावंच लागलं. यांचे ओठ फुटलेले, चेहरा भाजून निघालेला. त्यांनी आमच्या हातांकडे पाहिलं.

"ह्या कोण?"

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. तेव्हा मात्र एवढंच फुटलं, "माझी बहीण."

मी आईबापांची एकुलती एक, हे यांना पक्कं ठाऊक. ते भिंगरीकडे बघत राहिले. डोळे भरून आले.

"बरं झालं," ते म्हणाले. "इतकी वर्षं मला मेहुणीच नव्हती."