वेबसाइटवर चढलेले उलटे काठ

गेल्या रविवारी वडगावच्या आमच्या घरात बसून मी माझी वेबसाइट पुसून टाकायला निघाले होते. वेबसाइट म्हणजे फार काही नाही... ह्यांनी विणलेल्या साड्यांच्या काठांचे फोटो आणि खाली ह्यांचं नाव.

हे जाऊन दोन वर्षं झाली. माग मोडीत गेला. साडीवर दुकानाचं नाव असतं, विणणाऱ्याचं कुठेच नसतं. पण मागावर नवीन नक्षीचा काठ बसवला की हे त्याचा वीतभर तुकडा कापून ट्रंकेत ठेवायचे. ते तुकडे आता विरायला लागलेत... ते जायच्या आत ह्यांचं नाव कुठेतरी लागावं, एवढंच मनात होतं.

मला कोडिंगमधलं काही येत नाही. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचन लायब्ररीच्या जिवावर. पुण्याच्या मुलीनं लॅपटॉपवर एआय असिस्टंट लावून दिला आणि म्हणाली, "आई, काय पाहिजे ते मराठीत लिही. कोड तो लिहील."

मी लिहीत गेले. पान उघडलं, फोटो चढले. काही बिघडलं की तो लगेच माफी मागायचा... एवढी माफी माझ्याकडे आयुष्यात कुणी मागितली नव्हती.

शनिवारी ओळखीच्यांना लिंक पाठवली. रविवारी सकाळीच आप्पा दारात हजर. पलीकडच्या गल्लीतले, ह्यांच्याबरोबरच विणायला शिकलेले, ह्यांना अण्णा म्हणायचे.

"वैनी, हे काय केलायसा? सगळं काठ उलटं हाईत की! लोक काय म्हणतील, अण्णाला उलटं-सुलटं कळत न्हवतं? नाव लावतो म्हणून नाव घालवतायसा त्येचं."

खरंच होतं. आमच्याकडे साडी मागावर पालथी विणतात. सुलटी बाजू खाली, विणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उलटी. मी समोर बसून धाग्याच्या कांड्या भरायची, त्यामुळे मीही जन्मभर तीच बाजू बघितली. सुलटी साडी उलगडून बघायची ती दुकानात, गिऱ्हाइकानं. फोटो काढताना माझा हात आपोआप उलट्या बाजूकडे गेला... आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आप्पा गेल्यावर मी असिस्टंटला लिहिलं, "फोटो उलटे आहेत, सुलटे कर." त्यानं क्षणात केले. काठावरचे डावीकडे बघणारे मोर उजवीकडे बघायला लागले... बास, एवढंच. कापडाला मागची बाजू असते हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

मन इतकं खट्टू झालं की सगळं पुसून टाक, असं सांगणार होते. पण आधी त्याला नीट समजावून द्यावं म्हणून लिहायला बसले. साडी पालथी का असते, हे कुठे बसायचे, त्यांना काय दिसायचं...

लिहिता लिहिता थांबले. ह्यांनी स्वतःचं काम आयुष्यभर ह्याच बाजूनं बघितलं होतं. मग मी ती लपवायची कशाला?

तुकडे गच्चीवर नेले आणि दुसऱ्या बाजूचे फोटो काढले. मग त्याला सांगितलं, आधी उलटी बाजू दिसू दे, फोटोवर बोट लावलं की सुलटी येऊ दे. ह्या वेळी त्याला बरोबर कळलं.

संध्याकाळी आप्पांना बोलावून लॅपटॉपऐवजी मोबाइलच त्यांच्या हातात दिला. चष्मा लावून ते एकेक काठ बघत होते. उलटा, सुलटा, परत उलटा. रुईफुलाच्या काठावर थांबले.

"वैनी, हिथं तार तुटलीती बघा."

"कशावरून, आप्पा?"

"ही काय गाठ. अण्णाचीच हाय. आमची गाठ शेंगदाण्यायेवढी, आन् ह्येची राईयेवढी. लई चिडवायचा मला..."

मला दाखवायला त्यांनी त्या गाठीवर बोट ठेवलं. बोट लागल्याबरोबर फोटो फिरला. समोर स्वच्छ, सुंदर काठ आला... आणि गाठ गेली.

आप्पांनी परत बोट लावून ती बाजू आणली. परत दाखवायला गेले, परत फिरली.

"ह्येचं फिरायचं बंद करता येतंय काय, वैनी? जरा बघू दे की मला."

मी तिथेच बसून असिस्टंटला लिहिलं. आता बोट लावलं तरी फोटो जागचा हलत नाही, नुसता मोठा होतो. गाठी दिसतात. ज्यांनी ज्यांनी लिंक उघडून बघितली, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे.

ज्यांना सुलटी साडी बघायची असेल त्यांच्यासाठी खाली एक छोटं बटण ठेवलंय. नाही दाबलं तरी चालेल.