फुगलेलं विमान आणि माझी जेठानी

सोमवारी सकाळी सव्वाअकराला खापर गावातल्या बंद कापूस जिनिंगच्या शेडसमोर ट्रक थांबला, तिथून हे सुरू झालं. चार बाया एका शेडमध्ये बसल्या की किस्से वाळल्या कपड्यांसारखे ढिगानं साठतात, घडी घालायला सवड नसते. म्हणून लिहून काढते.

ट्रकमधून एअरशिपचं कापड निघालं. ट्रकसोबत आलेले, हे विमान बनवून घेणारे सर म्हणाले, "जोडायचं, हवेपेक्षा हलका गॅस भरायचा. धावपट्टी नको, डिझेल नको. मोकळ्या जागेत उतरेल, औषधं पोचवेल."

ऐकून माझ्या जीवात जीव आला. माझं सासर नाल्यापलीकडं. नाल्यावरच्या बुटक्या फरशी पुलावरून पाणी गेलं की गाव तुटतं, आणि माझ्या लेकराला दम लागतो. जेठानीचं, म्हणजे मोठ्या जावेचं, सुनंदाताईचं घर खापरमध्येच, दवाखान्याला लागून. आणि विमान पहिल्यांदा उतरणार कुठं? खापरच्या शाळेच्या मैदानात. जिथून डॉक्टरकडं अनवाणी चालत जाता येतं तिथं!

*

कापडाचे जोड मशीननं तापवून चिकटवायचे होते. पण आम्ही शिलाईवाल्या, कच्चा टाका घातल्याशिवाय दोन तुकडे जोडायला हात धजत नाही. जेठानीनं जोड हलू नये म्हणून हातभर टाका घातलाच. सरांनी हवा भरून साबणाचं पाणी लावलं, तर सुईच्या प्रत्येक भोकातून बुडबुडे. मला आतून बरं वाटलं.

सर वाकून बघत म्हणाले, "टाका मात्र एका रेषेत आहे."

चुकली तरी कौतुक तिचंच. वर विमानाच्या नाकाचं काम तिला मिळालं. मला शेपटी.

*

गॅस भरला त्या दिवशी तिनं नाकाला नारळाचं तोरण बांधलं. विमानानं मान खाली घातली. सर म्हणाले, "ताई, एवढ्या वजनात सलाईन जाईल." तोरण उतरवलं, तर तिनं काजळाची तीट लावली आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "कोनी नजर लागाले नको."

मी म्हटलं, "मन्ही नजर लागती, तर तुन्हं खापरनं घर उभं ऱ्हातं का व?"

आमच्यातल्या थोरल्या शबाना आपा मशीनवरून म्हणाल्या, "दोघी गप बसा. गॅस कमी पडला तर तुम्हालाच आत भरीन."

*

चाचणीच्या दिवशी खापरला ऊन, पण वर डोंगरात रात्री पाऊस झालेला. मी सकाळी लेकराला सासूजवळ ठेवून आले आणि मागून फरशीवर पाणी चढलं. माझं सगळं लक्ष तिकडं. इकडं विमान उठलं, वारा फिरला, दोरी सुटली. बघता बघता ते नाला ओलांडून गेलं.

थोड्या वेळानं सासूचा फोन आला. "रेखा, खळामा एक मोठं धूड उतरनं. धनी कोन शे माहीत नही. दोरी लोंबत होती, मेढना खांबले बांधी टाकं. बैलं बुजी ऱ्हायनात."

सर म्हणाले, "जीप काढा."

मी म्हटलं, "फरशीवर पाणी आहे."

"मग तिकडं जायचं कसं?"

जेठानी माझ्याकडं वळून म्हणाली, "मन्हा नाकनं इमान तुन्हा खळामा कसं गयं व?"

सर अजून खापरमध्येच आहेत. कुणाला भेटले तर एवढं सांगा, आमचं मळणीचं खळं सारवलेलं आहे, वर एकही तार नाही, आणि मेढ पक्की आहे.