फोनच्या आधी नाना

सापडलेला डबा तासाभरात विसरायला होतो. न सापडलेल्या किंवा भलत्याच ठिकाणी सापडलेल्या डब्यांच्या गोष्टी मात्र साठत जातात. दवाखान्यात पेशंट तोंड उघडून बसला की मी त्यातली एखादी सांगायला घेतो. बिचाऱ्याला मध्ये बोलता येत नाही, त्यामुळे माझ्या गोष्टी फार रंगतात असा माझा समज झालाय.

आधी खेळ सांगतो. जिओकॅशिंग. कुणीतरी एक छोटा डबा कुठंतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो आणि सोबत एखादी खूण लिहितो. बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथं ठेवून यायचं. बक्षीस काही नाही. "मग जाता कशाला?" असं बायको दर रविवारी विचारते आणि दर रविवारी मी बुटाची नाडी बांधण्यात गुंततो.

आम्ही चौघं. मी बारामतीत दातांचा डॉक्टर. शिरीष वालचंदनगरला इंजिनिअर, फोनचा परमभक्त. वैशाली मॅडम इंदापूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. आणि नाना. नाना वडगाव निंबाळकरचे. सगळी नोकरी इंदापूर तालुक्यात जमिनी मोजण्यात गेली. साखळी घेऊन बांधाबांधानं फिरलेला माणूस!

पहिल्याच रविवारी नानांनी फोनकडं बघून नाक मुरडलं. "फोन बाण दाखवनार, तुमी बाणामागं जानार. मग शोधलं कुणी? वहीत नाव फोनचं लिवा की!"

शिरीष म्हणाला, "नाना, फोन नुसता जवळ नेतो. शेवटचं डोकं आपलंच चालवायचं."

"मग पहिल्यापास्नंच चालवा की! सांगून ठेवतो. ज्या दिवशी फोन माज्या आधी डब्यावर जाईल, त्या दिवसापास्नं माजं येणं बंद."

आम्ही हसलो, पण मला ते आवडलं नाही. एक तर नाना नसले तर आम्हाला कुणी आपल्या रानात पाऊल टाकू देणार नाही. दुसरं म्हणजे, त्यांच्या सुनेनं मला दाढ दाखवताना सांगितलं होतं, "मामंजी सोमवारपासनं रविवारची वाट बघत्यात. घरात त्यास्नी करमतच न्हाय." माणूस म्हणून मला नाना हवे होते. आणि नाना बोलले की बोलल्याप्रमाणे करतात, ही पंचाईत होती.

* * *

पहिला डबा नानांच्याच गावाजवळ. तो कुणीतरी ऊस तुटल्यावर, मोकळ्या रानात फिरून लपवला होता. आम्ही गेलो सप्टेंबरात. ऊस डोक्याच्या वर!

शिरीष फोन पुढं धरून आत घुसला. मागं मी, माझ्यामागं मॅडम. पाचटानं हात ओरबाडले, चष्मा दोनदा पडला. शिरीष आतून ओरडत होता, "फक्त अकरा मीटर!" अर्ध्या तासानंही अकराच मीटर होते, फक्त दुसऱ्या बाजूला.

बाहेर आलो तर नाना बांधावर बसून रानमालकाशी गप्पा मारत होते. मालकानं आमचे अवतार बघितले. "आत काय हारवलंय?"

आम्ही खेळ समजावून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग एवढी घाई कशापायी? तोड आली की या. फेब्रुवारीत."

डबा नानांच्या बुडाखालच्या दगडाला लागूनच होता. "शहरातला माणूस रानात किती आत जाईल? पायात सँडल असत्याल त्याच्या," नाना म्हणाले. नाना एक, फोन शून्य.

* * *

वालचंदनगरच्या डब्याची गोष्ट शिरीष स्वतः कधीच सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

डबा त्याच्याच कॉलनीत होता. "माझ्या घरच्या मैदानावर नानांची गरज नाही," म्हणून तो फोन घेऊन पुढं निघाला. क्वार्टर्स सगळ्या सारख्या. माना खाली घालून आम्ही एकाच घराला तीन प्रदक्षिणा घातल्या. आतून एक बाई बाहेर आल्या. "मीटरवाले का?"

मॅडम कधी खोटं बोलत नाहीत, पण त्या दिवशी घाबरून "हो" म्हणाल्या. मग काय, मीटर बघावा लागला! बाईंनी तेवढ्यात जास्तीच्या बिलाची तक्रारही ऐकवली आणि मॅडमनी ती वहीत लिहून घेतली.

तोवर नानांनी कोपऱ्यावरच्या वॉचमनला तंबाखू दिली होती आणि डबा कुठाय ते सरळ विचारलं होतं. वॉचमन शिरीषकडं बघून म्हणाला, "तो व्हय? झाडाला टांगलाय की, दोन वर्सं झाली. सायेब, तुमी रोज त्येच्याखालीच तर गाडी लावता!"

* * *

नानांची पद्धतही काही बिनचूक नाही, हेही सांगायला हवं.

एकदा डबा निमगावच्या बाजूला होता. फोन म्हणाला, बारा मिनिटं. नाना म्हणाले, फोन ठेवा, मी इचारतो. त्यांनी टपरीवर एकाला विचारलं. तो नानांच्या जुन्या शिपायाचा साडू निघाला. तो म्हणाला, असं कसं, घरी चला. घरी नातीचं बारसं होतं. आम्ही पाळण्याजवळ बसलो, दोन वेळा वाढून घेतलं, मॅडमना तर बाळाच्या कानात नाव सांगायला आत्याबाईंच्या रांगेत उभं केलं.

चार तासांनी डबा मिळाला. परतताना मॅडमनी मला हळूच सांगितलं, "डॉक्टर, मी हात धुवायला गेले तेव्हा फोनवर बघितलं होतं. डबा त्यांच्या गोठ्यामागंच होता. पण जिलबी यायची होती."

* * *

आणि एक छोटासा किस्सा. माळावर एक म्हातारे आबा मेंढ्या चारत होते. डोईला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी. नाना आमच्याकडं वळून म्हणाले, "आता बघा. ह्या मानसाच्या डोस्क्यात सगळा मुलूख हाय. ह्येला म्हनत्यात रस्ता इचारणं."

मग पुढं होऊन त्यांनी विचारलं, "आबा, ही जुनी पायवाट कुठं निघती?"

आबांनी बंडीच्या खिशातून फोन काढला. "तुमचा नंबर सांगा. लोकेशन टाकतो."



* * *

आता बावड्याचा डबा.

कुणा पुण्याच्या जोडप्यानं तो काही वर्षांपूर्वी लपवला होता. खूण लिहिली होती, "हद्दीच्या दगडाच्या बुडाशी, पोकळीत." गट नंबर ऐकल्यावर नाना गाडीतच ताठ झाले. "त्यो दगड मी बसवलाय. स्वतः उभा राहून. फोन बंद करा, शिरीषराव. आज गरजच न्हाय."

रानाशी पोचलो. रानमालक बापूराव लसूणघासाला पाणी देत होते. दगडाच्या पलीकडचं, शेजारचं रान ज्यांचं, ते पुण्याला नोकरीला. नाना तडक दगडापाशी गेले, वाकले आणि बुडाशी हात घातला. काही नाही. चारी बाजूंनी चाचपलं. काही नाही. गुडघे दुखतात त्यांचे, तरी ते मातीत बसले आणि बोटांनी उकरायला लागले.

शिरीषनं फोन चालू केला होताच. बाण दगडाकडं नव्हता. तो बाणामागं निघाला, बापूरावांच्या घासात शिरला आणि दगडापासून चांगला वीस-पंचवीस फुटांवर थांबला. त्यानं टाचेनं जमीन दाबून बघितली. पोकळ आवाज आला. मी ऐकला, मॅडमनी ऐकला.

शिरीष ज्या क्षणाची वर्षभर वाट बघत होता तो क्षण त्याच्या बुटाखाली होता! त्यानं नानांकडं बघितलं. मातीत बसलेले नाना, टोपी तिरकी झालेली, नखांत माती. शिरीषनं फोन खिशात टाकला आणि ओरडून म्हणाला, "काही कळत नाही, नाना! नेटवर्क गेलं!"

त्या क्षणी मला शिरीष इतका आवडला की मी त्याच्या दाढेचं राहिलेलं काम फुकटात करायचं ठरवलं.

नाना उठले. त्यांनी एकदा दगडाकडं बघितलं, एकदा शिरीषच्या पायांकडं. मग सावकाश चालत त्याच्याजवळ गेले.

"त्येला नेटवर्क लागत न्हाय, शिरीषराव. वरच्या सॅटेलाइटवर चालतंय ते. पाय काढा."

शिरीषनं पाय काढला. मॅडमनी बापूरावांकडं खुरपं मागितलं.

"खुरपं?" बापूराव म्हणाले. "खुरपं न्हाय हो आमच्यात. चा घ्या की आदी. नाना, लई दिसांनी आलासा!"

नानांनी हातानंच माती ओढली. वीतभर खाली निळं झाकण दिसलं. डबा निघाला, आतली वही कोरडी होती. फोन आधी पोचला होता आणि नाना बोलल्याप्रमाणे करतात.

नाना डबा हातात धरून दगडाकडं बघत राहिले. मग डब्याकडं. मग त्या दोहोंच्या मधल्या घासाकडं, पार बांधापर्यंत. ओठ हलत होते, जुन्या सवयीनं पावलं मोजत असावेत.

बापूराव लगबगीनं पुढं आले. त्यांनीही डबा बघितला, दगड बघितला आणि मान हलवून म्हणाले, "डबा सरकवलेला दिसतोय, नाना, कुणीतरी. मानसं लई बेकार झाल्यात."

नानांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी शिरीषपुढं हात केला.

"आना तो फोन हिकडं. म्या ह्या तालुक्यात लई दगड बसवल्यात."