जीपपासून ट्रेलरपर्यंतची तार

साठ सालच्या सुमाराला मी बंगळूरच्या एका सरकारी खात्यात लागलो होतो. काम विहिरींसाठी पाणी शोधण्याचं. जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकायच्या, वीज सोडायची आणि खालचा खडक तिला किती रोध करतो ते मोजायचं. रोध कमी, तिथे पाण्याची आशा. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच, त्यामुळे हे काम मला देवाने हातात ठेवल्यासारखं वाटे.

कोलार, तुमकूरकडच्या माळांवर कॅम्प पडत. राहायला ट्रेलर होता, म्हणजे जीपमागे ओढायची चाकांवरची खोली. लढाईनंतरच्या लिलावात खात्याने घेतलेली. दोन बाकं, एक घडीचं टेबल आणि छताला एक दिवा. त्या दिव्याची बॅटरी जीप चालू असताना जीपच्या डायनामोवर चार्ज होई. माळावर दुसरी वीज नव्हती, आणि कंदील लावला तर त्या कोंदट खोलीत पत्नीला धुराने खोकला येई.

ती बंगळूरचीच, बसवनगुडीची. त्यांचं घराणं तिथे कित्येक पिढ्यांचं. घरात बोलणं मराठी, पण त्यात कानडी सगळीकडे मिसळलेली. आईच्या आजारपणात तिची मॅट्रिक राहून गेली होती. "बाहेरून फॉर्म भरून तिला परीक्षेला बसवीन," असं मी लग्नात तिच्या थोरल्या भावाला, अण्णांना, सांगितलं होतं. निपाणीच्या बोर्डिंगात असताना परीक्षेच्या दिवसांत आमचे गृहपती स्वतःचा कंदील आमच्या खोलीत आणून ठेवत आणि आपण अंधारात जेवत. तो कंदील मला कुणाला तरी परत करायचा होता.

थोड्याच दिवसांत आमचा दिवा पिवळा पडू लागला. मी शेजारी दुसरी बॅटरी जोडली. साठा दुप्पट, तर उजेडही दुप्पट वेळ, असं माझं गणित. आणि ते बरोबर आलं असंच मला वाटलं. संध्याकाळी ती थोडा वेळ वाचायची आणि वही मिटून म्हणायची, "झालं माझं. आता टेबल तुमचं." दिव्याखाली एका वेळी एकालाच नीट दिसे, म्हणून तिच्यामागून मी दिवसभरातल्या मापांचे आलेख काढायचो. तोवर दिवा कसाबसा पुरे. बायको हुशार आहे, लवकर उरकते, अशी मी समजूत करून घेतली होती.

जानेवारीत ट्रेलर रंगासाठी यशवंतपूरच्या शेडमध्ये गेला आणि आम्ही आठवडाभर अण्णांकडे राहायला आलो. तिथल्या दिव्याखाली ती भूमिती घेऊन बसली, ती जेवणाची पानं मांडली तरी उठेना.

"कॅम्पवर तर तुझं तासाभरात होतं," मी हसून म्हणालो.

तिने वही मिटली. मी वही ओढून पाहिली. निम्म्यापुढची पानं कोरी होती. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली.

"अगं, हे काय?"

"दिवा पिवळा पडला की तुम्ही आलेखाला नाक लावून बसायचात. डोळे गेले असते एक दिवस. म्हणून मी स्वल्प आधी उठायची."

"आणि मला सांगायचं नाही?"

"दुसरी बॅटरी बसवून किती खुशीत होता तुम्ही! कसं सांगू?" मग हळूच म्हणाली, "यंदा राहू दे. पुढच्या वर्षी बसते."

अण्णा पानावरून ऐकत होते. त्यांचं यशवंतपूरला वेल्डिंगचं लहानसं दुकान होतं. "पुढच्या वर्षीबिर्षी काही नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळी तो तुमचा महाल दाखवा मला, भावोजी."

सकाळी ते ट्रेलरखाली सरपटत गेले आणि हातात मी जीपपासून बॅटरीपर्यंत बसवलेली तार धरून बाहेर आले.

"ही घरातल्या दिव्याची तार! दोन म्हशी आणून बांधल्या, आणि वैरण एकीलासुद्धा पुरेना. दूध कुठून देणार त्या?"

"तारेने काय होतंय अण्णा? तांबंच आहे."

"बी.एस्सी. तुम्ही. मोजा की!"

मी मोजलं. जीप जोडली, इंजिन चालू ठेवून डायनामोपाशी मीटर लावला. चौदा व्होल्टच्या जवळ. मग ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यात बॅटरीपाशी लावला. साडेबारासुद्धा नाहीत. मधला विजेचा दाब त्या बारीक, लांब तारेतच खर्च होत होता. बॅटऱ्या दोन्ही कायम अर्धपोटी. कॉलेजात मी शेकडो उदाहरणं सोडवली, आणि बहुतेकांखाली एक ओळ असायची: तारांचा रोध नगण्य धरावा. मी तो कायमचाच तसा धरून बसलो होतो. दिवसभर जमिनीचा रोध मोजणाऱ्या माणसाने स्वतःची वीस फूट तार कधी मोजली नव्हती.

अण्णांनी दुकानातून अंगठ्याएवढी जाड वेल्डिंगची केबल आणली. बॅटऱ्या मागून काढून पुढे, जीपच्या हुकाजवळ आणल्या, म्हणजे अंतर निम्मं झालं. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर मी गरम पाण्याने धुतला. लाजेने माझी मान वर होत नव्हती.

"सरी, झालं ठीक," शेवटचा नट आवळत अण्णा म्हणाले. "खडकाला रोज विचारता, तसं अधूनमधून तिलाही विचारत जा."

पुढचा कॅम्प कोलारकडे होता. पहिल्या संध्याकाळी दिवा पांढरा लागला आणि पांढराच राहिला. टेबलाच्या एका बाजूला तिची भूमिती, दुसऱ्या बाजूला माझा आलेख. माझं काम लवकर संपलं. पण मी उठलो की माझ्या झोपेसाठी तीही वही मिटेल, हे आता मला ठाऊक होतं. म्हणून काढलेल्याच रेषेवरून पेन्सिल फिरवत मी बसून राहिलो.

"आज फारच काम दिसतंय," मान वर न करता ती म्हणाली.

"हो. स्वल्प आहे अजून."

मार्चमध्ये ती परीक्षेला बसली आणि पास झाली. कोलारच्या त्या पहिल्या संध्याकाळचा आलेख मी खात्याला नवा काढून दिला. पहिला अजून माझ्याकडे आहे. त्यातली एक रेष बाकीच्यांपेक्षा बरीच जाड आहे.