दिंद्रुडचा साल्सा

आमची पिठाची गिरणी आणि ईश्वरप्पा कोरे यांचं किराणा दुकान यांच्यात एकच भिंत आहे. लाइट जाऊन गिरणी थांबली की पलीकडचं सगळं ऐकू येतं. डाळ तराजूत पडते ती, मल्लम्मावहिनी गिऱ्हाइकाशी बोलतात ते, आणि त्यांच्या विश्वेश्वरचं गुणगुणणं. दुपारचं ऊन रस्त्यावर साचलेलं असतं, कुत्री सावलीला पडलेली असतात, आणि भिंतीपलीकडून एक चाल येत राहते. ती धड भजनाची नाही, धड लावणीची नाही. ऐकता ऐकता डोळे मिटतात, पण पाऊल मात्र आपोआप हलायला लागतं.

"ह्याला साल्सा म्हणतेत, काका," त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं होतं. "समुद्रापल्याडच्या लोकांचं नाचायचं गाणं हाय."

"पण शब्द तर आपले दिसतेत."

"शब्द माझे हायेत," तो म्हणाला आणि लाजला.

साल्साची गाणी मराठीत लिहिणारा माणूस दिंद्रुडात किराणा विकतो, हे बाहेर सांगितलं तर लोक हसतात. म्हणून नीट सांगतो.

विश्वेश्वर हा ईश्वरप्पा आणि मल्लम्मावहिनींचा एकुलता एक. घर लिंगायत, सोमवारी घरी भजन. अप्पा टाळ धरून पुढं बसत आणि बाकीचे मागून ओळ धरत. पोराला दुकानात बसायचं नव्हतं. त्यानं संभाजीनगरला हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि परदेशी प्रवाशांच्या एका मोठ्या जहाजावर त्याला काम लागलं, कपडे धुण्याच्या खात्यात. तोवर त्यानं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे माजलगावचं धरण.

काम जहाजाच्या पार तळाशी. तिथं खिडकी नव्हती. यंत्रातून वाफाळलेल्या चादरी निघत, त्यांच्या घड्या घालायच्या. वर पाहुणे समुद्र बघत असायचे. ह्याला समुद्र फक्त तळपायांना कळायचा, जमीन हळूच एका बाजूला कलली की. झोपेत त्याला दिसायचं, आपण आपल्याच शिवारात उभे आहोत आणि फुटलेल्या कापसाचं रान लाटेसारखं वरखाली होतंय. जाग आली की तो पायांनी अंधारात जमीन चाचपायचा.

शेजारच्या खोलीत जहाजावरचे वादक तालीम करत. काम संपलं की विश्वेश्वर त्यांच्या दारात जाऊन उभा राहायचा. पियानो वाजवणारा रामोन म्हणून एक म्हातारा होता, पांढऱ्या मिशांचा, कोलंबिया देशातल्या काली नावाच्या शहराचा. मल्लम्मावहिनींनी फोनवर ते नाव ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "गावाचं नाव काली हाय? मग माणूस चांगलाच असंल."

माणूस चांगलाच होता. त्यानं विश्वेश्वरला आत बोलावलं आणि हातात दोन गुळगुळीत लाकडी दांडकी दिली. ती एकमेकांवर वाजवायची. तीन ठोके, मग दोन, आणि मधे जागा मोकळी सोडायची. सोपं वाटलं, पण हाताला जमेना. मोकळी जागा आली की विश्वेश्वरचा हात घाईनं ती भरून टाकायचा. दोघं मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत. रामोन म्हणायचा, "भरू नकोस. नाचणाऱ्याचं पाऊल तिथं पडायचंय. त्याला जागा ठेव."

मग एकदा चादरींच्या घड्या घालताना, कसलाही विचार नसताना, त्याचं त्यालाच कळलं की आपले हात तोच ताल धरतायत. चादर झटकली, दुमडली, दाबली, मग थोडी उसंत. तो तसाच धावत पलीकडं गेला.

रामोननं त्याला विचारलं, "तुझं गाव कसं आहे?"

विश्वेश्वरनं काळी माती सांगितली, ज्वारीवरनं येणारा वारा सांगितला, सकाळी सारवलेल्या अंगणाचा वास सांगितला. रामोन डोळे मिटून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हेच लिही. साल्सा असाच लिहितात. लांब गेलेला माणूस घराची आठवण काढतो, पण बसून नाही, नाचत."

त्यानंतर ती जगभरची रोगाची साथ आली. पाहुणे उतरून गेले आणि जहाज काम करणाऱ्यांना घेऊन भर समुद्रात थांबून राहिलं. कोणतंच बंदर त्यांना घेईना. तळातल्या माणसांना वरच्या मजल्यांवर राहायला दिलं. विश्वेश्वरनं नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा समुद्र पोटभर बघितला. रिकाम्या खुर्च्या, पोहायचा रिकामा तलाव, वर स्वच्छ आभाळ. कुणालाच कुठं जायचं नव्हतं. संध्याकाळी वादक उघड्यावर वाजवायचे आणि भांडी घासणारे, खोल्या झाडणारे, चादरी धुणारे सगळे नाचायचे. जहाज जागच्या जागी हळूहळू फिरायचं, त्यामुळं सूर्य रोज वेगळ्याच बाजूला मावळतोय असं वाटायचं. तिथं त्याचं पहिलं गाणं पुरं झालं.

पाण्यावरनं वाट गेली, पाऊल उमटंना,
घर निघालं डोळ्यांतनं, डोळ्यांत थांबंना.
कुठं ठेवू गं अंगण माझं, कुठं ठेवू गं?

मराठी कुणालाच कळत नव्हती, पण शेवटची ओळ सगळे मिळून म्हणायला लागले. रामोननं खूण केली की आता पुढं जा. साल्साची रीतच तशी असते. घोळक्यानं तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची आणि गाणाऱ्यानं दर वेळी तिथल्या तिथं नवं उत्तर जुळवायचं. विश्वेश्वर उभाच राहिला. घोळका विचारतोय, कुठं ठेवू, कुठं ठेवू, आणि ह्याच्याकडं उत्तर नाही. लिहून ठेवल्याशिवाय त्याला सुचायचंच नाही.

"जमेल कधीतरी," रामोन म्हणाला.

विश्वेश्वर गावी परत आला तो कायमचाच. अप्पांचे गुडघे गेले होते, दुकान त्याच्या अंगावर आलं. काम सोपं होतं, पण जीव लागेना. साखरेच्या पुड्या बांधता बांधता तो गाणी करायचा. वर्षभरात बरीच झाली. मग त्यानं आमच्या धोंडीरामला गाठलं. धोंडीरामची बँजो पार्टी आहे. लग्नाच्या वरातीत एक बँजो, एक कॅशिओ, ढोल आणि ताशा. सरकी ठेवायच्या रिकाम्या गोदामात त्यांची तालीम सुरू झाली.

"हे आडवंतिडवं कावून वाजवायचं?" धोंडीराम आधी चिडला. "पाय कुठं टाकायचा मान्सानं?"

"जिथं मोकळं हाय तिथं."

"आरं, मोकळं हाय म्हून तर पडंल की त्यो!"

पण धोंडीराम हाडाचा वाजवणारा. महिनाभरात बँजोच्या तारेतून समुद्र निघायला लागला. मी गिरणी बंद करून गोदामाच्या पायरीवर बसायचो. सरकीच्या वासात ते सूर असे तरंगायचे की कुठं बसलोय याचा विसर पडावा.

पहिलं वाजवणं तलवाड्याला झालं, अमरसिंह नावाच्या एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नात. वरात भर रस्त्यात आली, पोरं रंगात होती, तेव्हा धोंडीरामनं विश्वेश्वरचं गाणं धरलं. नाचणारे थांबले. दोघातिघांनी पाय टाकून बघितले, ते एकमेकांत अडकले. घोडासुद्धा थबकला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "बंद करा बे! मयतीला आलाव का?" सगळे हसले. धोंडीरामनं मुकाट्यानं नेहमीचं वाजवायला घेतलं आणि वरात पुढं गेली.

विश्वेश्वर मोटारसायकलवर एकटाच परत आला. त्यानंतर भिंतीपलीकडचं गुणगुणणं बंद झालं. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एकदा अप्पा मला म्हणाले, "पोरगं दुकानात लई नीट बसतंय आता. मला न्हाई बरं वाटत."

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. आमच्याकडची निम्मीअधिक माणसं तेव्हा कोल्हापूरकडं, कर्नाटकात जातात आणि पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याच्या, कोप्या बांधून राहतात. त्यातलीच एक टोळी कोऱ्यांच्या दुकानासमोर थांबली होती. ट्रॅक्टर बिघडला होता आणि मिस्त्री यायचा होता. दोन ट्रॉल्यांत गाठोडी, भांडी, पत्रे, कोंबड्या, आणि सगळ्याच्या वर बायका. मल्लम्मावहिनींनी त्यांना ओट्यावर बोलावलं, चहा केला. मिस्त्री काही येईना. ऊन उतरायला लागलं. जायच्या घाईतली माणसं एकदम रिकामी झाली, बोलणंही संपलं. सगळे रस्त्याकडं बघत बसले.

त्या शांततेत विश्वेश्वरला काय वाटलं कुणास ठाऊक. तो पोत्यातून गहू मोजता मोजता गायला लागला. हातातलं लोखंडी माप लाकडी फळीवर वाजत होतं, तीन ठोके, मग दोन. पाण्यावरनं वाट गेली, पाऊल उमटंना.

बायका ऐकत होत्या. तो "कुठं ठेवू गं अंगण माझं" वर आला, एकदा म्हणाला, दुसऱ्यांदा म्हणाला, आणि पुढं काहीच नसल्यामुळं तिसऱ्यांदाही तेच म्हणाला. तेव्हा खांबाला टेकून बसलेली एक बाई, छबुबाई तिचं नाव, डोळे न उघडता म्हणाली:

ट्रॉलीवरच्या भांड्यामंदी ताटाखाली झाक गं.

चाल बरोब्बर तीच. मोकळ्या जागेत पाऊल पडावं तसे तिचे शब्द पडले. विश्वेश्वरचं माप हातात तसंच राहिलं. मग त्यानं पुन्हा विचारलं, आता जरा मोठ्यानं. बाकीच्या बायकांनीही ओळ धरली. छबुबाई सांगत गेली:

पाचटाच्या कोपीपुढं चार बोटं सारव गं.
लेकराच्या झोपंमंदी हळूच नेऊन ठेव गं.

दोघी उठल्या आणि ओट्याखाली फुगडीसारख्या पावलांनी फिरायला लागल्या. पाय कुठं टाकायचा हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मी पिठानं पांढरा झालेला तसाच रस्त्यात उभा होतो. धूळ सोन्यासारखी दिसत होती, कोंबड्या ट्रॉलीतून माना काढून बघत होत्या, आणि आतून अप्पा टाळ घेऊन बाहेर आले होते.

"तुमाला हे सुचतंय कसं, मावशी?" विश्वेश्वरनं विचारलं.

छबुबाईला प्रश्नच समजला नाही. "तू इचारलं, म्या सांगितलं," ती म्हणाली.

मिस्त्री आला, ट्रॅक्टर सुरू झाला, टोळी गेली. एका बाईनं ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. ते एका टोळीकडून दुसरीकडं गेलं. उसाच्या फडांतून, साखर कारखान्यांजवळच्या कोप्यांतून ते फिरत राहिलं. उन्हाळ्याच्या तोंडाला माणसं परत आली तेव्हा गाण्याला उत्तरांचं रान फुटलं होतं. कुणी अंगण उसाच्या मोळीत बांधलं होतं, कुणी मुकादमाच्या पागोट्यात खोवलं होतं, कुणी नदीत सोडून दिलं होतं. त्या वर्षीच्या लग्नांत लोक धोंडीरामला आपणहून म्हणायला लागले, "ते अंगणाचं धरा की."

विश्वेश्वर पुन्हा लिहायला लागला. फरक एवढाच की आता तो अर्धंच गाणं लिहितो. पुढं प्रश्नाची एक ओळ ठेवतो आणि गावाच्या हवाली करतो. मी त्याला म्हटलं, "अर्धवट का सोडतोस?" तर म्हणाला, "काका, जहाजावर मला वाटायचं आपल्याला जमत न्हाई. ते एकट्याचं कामच न्हाई."

गेल्या पावसाळ्यात त्यानं बीडला एका छोट्या स्टुडिओत गाणं नीट रेकॉर्ड करायचं ठरवलं. छबुबाईंचा पत्ता काढून त्यांना बरोबर घेतलं, वहिनीही निघाल्या. गाडी माझी होती. स्टुडिओतल्या माणसानं छबुबाईंना काचेच्या खोलीत एकटं उभं केलं आणि कानांवर हेडफोन चढवले. त्या इकडंतिकडं बघत राहिल्या.

"काय झालं, मावशी?"

"हितं मानूसच न्हाई. सांगू कुणाला?"

खूप समजावलं, उपयोग होईना. तेव्हा मल्लम्मावहिनी चप्पल काढून आत गेल्या, त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या, आणि लाजत लाजत त्यांनीच विचारलं, कुठं ठेवू गं अंगण माझं. छबुबाईंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि सुरुवात केली. मग त्या दोघी थांबेचनात. आम्ही काचेबाहेरून बघत होतो. स्टुडिओवाल्यानं यंत्र चालूच ठेवलं.

ते गाणं आता लोकांच्या फोनवर आहे. गीताखाली दोन नावं आहेत, विश्वेश्वर कोरे आणि छबुबाई. काही हजार लोकांनी ऐकलं असेल, काहींनी नावंही ठेवली. विश्वेश्वरचं दुकान चालू आहे.

त्या दिवशी बीडहून परत येताना वडवणी मागं पडली तेव्हा ऊन कलत आलं होतं. दोन्ही अंगांना कापूस गुडघ्याएवढा, वाऱ्यानं एका बाजूला झुकायचा आणि सावकाश परत यायचा. मागच्या सीटवर छबुबाई वहिनींच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या. वहिनी अवघडल्या होत्या, पण हलत नव्हत्या. विश्वेश्वर खिडकीबाहेर बघत होता.

"हळू चालवा, काका," तो म्हणाला. "घाई न्हाई."

मी गिअर उतरवला.